पुढचा फलंदाज

आमच्या या सदराला दर दिवाळीत एक माणूस लागतो. एरवी वर्षभर आम्ही नळाचे पाणी, लग्नातल्या पंगती आणि जावईबापूंचे रुसवे यांवर गुजराण करतो. पण दिवाळी अंक घरात वर्षभर राहतो, पाहुण्यारावळ्यांच्या हाती लागतो. तेव्हा त्यात तरी एखाद्या कर्तबगार माणसाचा परिचय असावा, असा संपादकांचा आग्रह असतो. कर्तबगार कोणाला म्हणावे याबद्दल मात्र त्यांचे आणि आमचे कधी जमत नाही. यंदा आम्ही नाव सुचवले तेव्हा ते चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "अहो, पण तो भारताकडून खेळला कुठे?"

तोच तर मुद्दा आहे.

अमोल मुझुमदार. जन्म ११ नोव्हेंबर १९७४, मुंबई. पेशा क्रिकेटचा. प्रथम श्रेणीचे सामने १७१, धावा ११,१६७, शतके ३०, सरासरी अठ्ठेचाळीसच्या वर. कसोटी सामने शून्य. एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामने, तेही शून्य. वीस वर्षे एक माणूस पांढरे कपडे घालून उन्हात उभा राहिला, आणि ज्या एका रकान्यासाठी मुले क्रिकेट खेळू लागतात तो रकाना अखेरपर्यंत कोराच राहिला.

आमचे बहुतेक वाचक उपनगरातले. त्यांना ही गोष्ट कोठून सुरू होते ते सांगायला नको. रविवारी सकाळी अंधेरीच्या किंवा घाटकोपरच्या फलाटावर उभे राहावे, म्हणजे ती दिसते. मुलाच्या उंचीची बॅग, तीतून डोकावणारी बॅटची मूठ, आणि मागे डबा आणि पाण्याची बाटली घेऊन उभे असलेले वडील. वडिलांचा चेहरा झोपमोड झालेल्या माणसाचा, मुलाचा मात्र लॉर्ड्सवर निघाल्यासारखा. गर्दी असली की ही मंडळी लगेजच्या डब्यात चढतात आणि भाजीच्या पाट्यांशेजारी बॅग उभी करून चर्चगेट नाहीतर बोरीबंदर गाठतात. मुंबईच्या क्रिकेटची देवळे सगळी दक्षिणेला, शिवाजी पार्क, आझाद मैदान, ओव्हल. आणि त्यांचे वारकरी मात्र उत्तरेकडून येणारे. बोरिवलीच्या एका शाळेत दिनेश लाड नावाचे शिक्षक मुलांना घडवतात आणि तिथून रोहित शर्मा निघतो, ही अलीकडची गोष्ट. मुझुमदारच्या लहानपणी चांगले शिकायचे म्हणजे बॅग उचलून दादरलाच जावे लागे.

तोही गेला. तो खारच्या बी. पी. एम. हायस्कुलात शिकत होता. रमाकांत आचरेकर सरांनी शाळा बदलायला सांगितली आणि तो दादरच्या शारदाश्रमात दाखल झाला. सरांची ती रीतच होती. वांद्र्याच्या शाळेतल्या सचिन तेंडुलकरलाही त्यांनी असेच शारदाश्रमात आणवले होते. विनोद कांबळी कांजूरमार्गहून यायचा. म्हणजे ज्या शाळेने मुंबईच्या शालेय क्रिकेटवर राज्य केले, तिची फौज बरीचशी लोकलगाडीने येणारी होती.

फेब्रुवारी १९८८. आझाद मैदान, हॅरिस शील्डचा उपान्त्य सामना, समोर सेंट झेवियर्स. शारदाश्रमचे दोन गडी बाद झाले, आणि मग तेंडुलकर आणि कांबळी ही जोडी जमली. पुढचा फलंदाज म्हणून मुझुमदारने पॅड बांधले. वय वर्षे तेरा. ती जोडी काही हलेना. जेवणाची सुट्टी झाली, चहा झाला, दिवस संपला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पॅड बांधून मुलगा तंबूत हजर. कांबळी नाबाद ३४९, तेंडुलकर नाबाद ३२६, भागीदारी ६६४ धावांची. डाव घोषित झाला आणि मुलाने पॅड सोडले.

ही गोष्ट गेली अनेक वर्षे मुंबईत दंतकथेसारखी सांगतात. सांगणारा शेवटी हळहळतो आणि म्हणतो, "बघा, नशिबात पॅड बांधून बसणेच लिहिले होते." आम्हांला हे हळहळणे फारसे पसंत नाही. तेरा वर्षांच्या पोराला दोन दिवस सावलीत बसून सचिन तेंडुलकरची फलंदाजी बघायला मिळाली, हे दुःख असेल तर असली दुःखे पदरात घ्यायला आम्ही तयार आहो! पण गोष्टींना सुरुवातीतच शेवट दिसावा असे लोकांना वाटते, म्हणून तो प्रसंग त्याच्या कपाळी कायमचा चिकटला.

त्यानंतरचे मात्र लोक सांगायचे विसरतात. १९९४ साली, एकोणीस वर्षांचा असताना, तो मुंबईकडून रणजी करंडकाचा पहिला सामना खेळला. फरीदाबाद, समोर हरियाणा, बाद फेरीचा सामना. या वेळी पाळी आली, आणि त्याने २६० धावा काढल्या. प्रथम श्रेणीच्या पदार्पणात इतक्या धावा तोवर जगात कोणी काढल्या नव्हत्या. आपल्याकडे गुंडाप्पा विश्वनाथच्या पदार्पणातल्या २३० धावांचे कौतुक सत्तावीस वर्षे चालले होते. त्या मोसमात रवी शास्त्रीच्या नेतृत्वाखाली मुंबईने करंडकही जिंकला. हा उद्याचा तेंडुलकर, असे लोक बोलू लागले. तो विक्रम पुढे चोवीस वर्षे टिकला. डिसेंबर २०१८ मध्ये मध्य प्रदेशच्या अजय रोहेराने नाबाद २६७ धावा काढल्या तेव्हा तो मोडला, आणि २०२२ साली बिहारच्या सकिबुल गनीने थेट ३४१ वर नेऊन ठेवला.

गंमत अशी, की ते २६० हीच मुझुमदारची आयुष्यातली सर्वोच्च धावसंख्या ठरली. पहिल्याच दिवशी माणसाने घराच्या गच्चीवर जावे आणि मग वीस वर्षे जिन्यात काढावीत, तसे झाले. पण जिन्यात त्याने काय केले ते पाहिले पाहिजे.

मुंबईकर वाचकांना पागडीची जागा म्हणजे काय ते सांगायला नको. भाडे जुजबी, जागा मोक्याची, आणि भाडेकरू हयातीत हलत नाही. नव्वदच्या दशकात भारतीय संघाची मधली फळी म्हणजे तशी चाळ होती. चौथ्या क्रमांकाच्या खोलीत तेंडुलकर. शेजारी अझरुद्दीन. १९९६ च्या जूनमध्ये लॉर्ड्सवर सौरव गांगुली आणि राहुल द्रविड एकाच सामन्यात आत शिरले. त्याच वर्षाच्या अखेरीस लक्ष्मणही आला. हे लोक नुसते राहिले नाहीत, त्यांनी जागेचे सोने केले. दहा-बारा वर्षे त्या मजल्यावर 'जागा भाड्याने देणे आहे' अशी पाटी लागलीच नाही. क्वचित एखादी खोली रिकामी झाली तर दारात मुझुमदारसारखे आणखी दहा जण उभे असत; आणि खरे सांगायचे, तर त्या वेळी त्याच्याहून अधिक धावा काढलेला कोणी तरी त्यांत असे.

म्हणून 'अन्याय' हा शब्द आम्ही येथे वापरीत नाही. निवड समितीच्या नावाने खडे फोडणे सोपे असते, आणि चहाबरोबर बरे लागते. पण अकरा जणांच्या संघात बारावा बसत नाही, यात कोणाची लबाडी नाही. तो उणा पडला असेही नाही. आसपासची माणसे फार मोठी होती, आणि सगळी एकाच वेळी जन्माला आली होती. यावर उपाय काय? जन्मतारीख बदलून मिळत नाही.

मग माणूस करतो काय? आम्हांला या कहाणीत रस आहे तो येथून पुढे.

तो खेळत राहिला. दर नोव्हेंबरात रणजीचा मोसम सुरू होई, आणि राजकोट, बडोदा, दिल्ली, जेथे सामना असेल तेथे तो बॅग घेऊन जाई. रणजीचा सामना ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे, की तेथे टाळ्या वाजवायला मैदानाचा माळी आणि पंचवीस-तीस निवृत्त माणसे असतात. वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी चार ओळी येतात. अशा चार-चार ओळींनी त्याने धावा साठवल्या. आमच्या आया पोस्टात पैसे साठवत तशा. २००९ साली हिशेब झाला तेव्हा रणजी करंडकात सर्वांत अधिक धावा त्याच्या नावावर होत्या. अमरजित केपीचा विक्रम मागे पडला होता. पुढे तो मान वसीम जाफरने घेतला, तोही मुंबईचाच.

त्याआधी एक मोसम असा गेला की तो सविस्तर सांगावा. २००६-०७. मुझुमदार मुंबईचा कर्णधार. सुरुवातीचे तीन सामने संघ हरला. मुंबई रणजीत हरते म्हणजे काय, हे परप्रांतीयाला समजायचे नाही. येथे उपविजेतेपदाला लोक नापास समजतात. शिवाजी पार्कच्या कठड्यावर बसणाऱ्या मंडळींनी त्या संघाचे बारावे-तेरावे उरकून टाकले होते. तेथून तो संघ उठला आणि उपान्त्य फेरीत बडोद्याला पोचला. तेथे मुंबईचा दुसरा डाव सुरू झाला, आणि धावफलकावर एक विलक्षण आकडा लागला : धावा शून्य, बाद पाच. छपाईची चूक नव्हे. पाच फलंदाज गेले आणि अद्याप एकही धाव लागली नव्हती. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी हे ऐकून रेडिओला दोष दिला होता. अशा स्थितीतून खालच्या फलंदाजांनी डाव सावरला आणि मुंबईने तो सामना जिंकला!

अंतिम सामना फेब्रुवारी २००७ मध्ये वानखेडेवर, बंगालशी. त्या सामन्यात तेंडुलकर मुंबईकडून उतरला, झहीर खान उतरला, आणि समोरून गांगुली. कर्णधार मुझुमदारच. आझाद मैदानावर ज्याची फलंदाजी बघत पॅड बांधून बसला होता, तो तेंडुलकर त्या दिवशी त्याच्या हाताखाली खेळला आणि शतक काढून गेला. मुंबईने सदतिसाव्यांदा करंडक जिंकला.

त्याच संघात बोरिवलीचा एक एकोणीस वर्षांचा मुलगा होता, त्याचा तो रणजीतला पहिलाच मोसम. त्याच वर्षी जूनमध्ये तो भारताकडून खेळू लागला. त्याचे नाव रोहित शर्मा. कर्णधार बत्तीस वर्षांचा. त्याने कितीएक मुले अशी आपल्या हाताखालून पुढे जाताना पाहिली असतील. आपल्या कचेरीत आपण ज्याला फायली लावायला शिकवले तो पोरगा दोन वर्षांत साहेब होतो, तेव्हा आपण घरी येऊन काय काय बोलतो ते ज्याचे त्याने आठवावे.

आणखी एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही. २००९ मध्ये त्याने मुंबई सोडली आणि आसामकडून खेळायला गेला. पस्तिशीला आलेला, रणजीत सर्वाधिक धावा केलेला फलंदाज, आणि संघ आसामचा. मुंबईत मनासारखे जमेना, तर मुंबईतलीच एखादी नोकरी धरून रविवारी कांगा लीग खेळत त्याला सुखाने राहता आले असते. पूर्वी तशीच पद्धत होती. बँका, टाटा, रेल्वे, गोरेगावची निरलॉन, सगळे आपापले संघ बाळगीत आणि खेळाडूंना नोकऱ्या देत. खुद्द सुनील गावसकर निरलॉनमध्ये होते. खेळून झाले की टेबल ठरलेले आणि निवृत्तिवेतन ठरलेले. मुझुमदारच्या उमेदीत ती सावली विरळ होत चालली होती, आणि पैशांचा पाऊस पाडणारी आयपीएल २००८ साली आली तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता. एक छत्री मिटलेली, दुसरी उघडेपर्यंत भिजून झालेले. अशा अधल्यामधल्या पिढीला दोष देता येत नाही आणि तिला कोणी भरपाईही देत नाही.

आसामनंतर २०१२ मध्ये आंध्र. सप्टेंबर २०१४ मध्ये, चाळिशीला दोन महिने कमी असताना, त्याने निवृत्ती जाहीर केली. आमच्याकडे निवृत्ती अठ्ठावन्नाव्या वर्षी येते, शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे घड्याळ घेऊन. क्रिकेटपटूचे आयुष्य निम्म्यावर असतानाच त्याला 'माजी' व्हावे लागते. आणि भारताकडून न खेळलेल्याला तर 'माजी कसोटीवीर' हेदेखील म्हणता येत नाही. मग तो नुसता माजी.

काही दिवसांपूर्वी मुलुंडच्या एका वाचक भगिनींचे आम्हांला पत्र आले. त्यांचा मुलगा सोळा वर्षांखालील संघाच्या निवडीला गेला होता, नाव आले नाही. पाच वर्षे पहाटे उठून त्यांनी डबा केला, यजमानांनी मैदाने केली, दोन वेळा बॅट आणि तीन वेळा बूट बदलले. आता दहावी. बाई लिहितात, "भाऊ, हे सगळे फुकटच गेले म्हणायचे ना?" असल्या प्रश्नाचे उत्तर सदरलेखकाने देऊ नये, कारण डबा त्याने केलेला नसतो. पण एक हिशेब मांडून दाखवता येतो. अलीकडे रणजीत अडतीस संघ खेळतात. प्रत्येकात अकरा धरले तरी चारशे अठरा जण होतात. हे सगळे लहानपणी आपापल्या गल्लीतले, तालुक्यातले सर्वांत चांगले खेळणारे. भारताचा संघ अकरांचा. म्हणजे चारशे अठरांतले चारशेहून अधिक जण, बाईंच्या भाषेत बोलायचे तर, फुकट गेले. रणजीपर्यंत न पोचलेल्यांची तर मोजदादच नको. ज्या हिशेबात इतकी माणसे फुकट जातात, तो हिशेबच तपासून घ्यायला हवा असे आम्हांला वाटते. दहावीला गणितात कमी पडलेल्या मुलाची दहा वर्षांची शाळा फुकट गेली असे आपण म्हणत नाही. क्रिकेटच्या बाबतीत मात्र सहज म्हणतो.

जुन्या वाचकांना येथे पद्माकर शिवलकर आठवले असतील. डावखुरा फिरकी गोलंदाज, प्रथम श्रेणीत ५८९ बळी, प्रत्येकी वीस धावांहूनही कमी किमतीला. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात मद्रासला त्यांनी तामिळनाडूचे आठ गडी अवघ्या सोळा धावांत बाद केले, आणि दुसऱ्या डावात आणखी पाच. त्यांच्या वाटेत बिशनसिंग बेदी उभे होते. हरियाणाच्या राजिंदर गोयल यांचीही तीच कथा. गावसकरांनी आपल्या आवडत्या खेळाडूंवर पुस्तक लिहिले, त्यात या दोघांना जागा दिली. क्रिकेट मंडळाने २०१७ साली दोघांना जीवनगौरव पुरस्कार दिला. गोयल २०२० मध्ये गेले, शिवलकर ३ मार्च २०२५ ला. शिवलकर खेळले ते क्रिकेट खरे होते की नव्हते, हे त्या सोळा धावांत बाद झालेल्या आठ जणांना विचारावे!

तर, नुसत्या 'माजी' माणसाकडे परत येऊ. मुझुमदार शिकवू लागला. राष्ट्रीय अकादमीतली मुले, नेदरलँड्सचा संघ, मग राजस्थान रॉयल्स, २०१९ मध्ये भारताच्या दौऱ्यावर आलेला दक्षिण आफ्रिकेचा संघ. जेथे बोलावतील तेथे फलंदाजीची शिकवणी. २०२१ मध्ये तो मुंबईचा प्रशिक्षक झाला. पुढल्या वर्षी रणजीच्या अंतिम सामन्यात मुंबई मध्य प्रदेशाकडून हरली, आणि मध्य प्रदेशाचे प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित. म्हणजे मुंबई हरली तीही मुंबईकराकडूनच, एवढे समाधान. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईने सय्यद मुश्ताक अली करंडक प्रथमच जिंकला.

ऑक्टोबर २०२३ मध्ये भारताच्या महिला संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी त्याची नेमणूक झाली. तेव्हाही आमच्या संपादकांसारखे विचारणारे होतेच : स्वतः भारताकडून न खेळलेला माणूस भारताच्या संघाला काय शिकवणार? या प्रश्नावर आमच्या घरातून परस्पर उत्तर आले. कुटुंब म्हणाले, "तुमच्या आईने कधी हॉटेल काढले होते? तरी पुरणपोळी मला त्यांनीच शिकवली." वाद तेथेच संपला, निदान आमच्या घरापुरता.

बाहेर संपला नाही. २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात संघ पहिल्याच फेरीत गारद झाला. मग २०२५ चा एकदिवसीय विश्वचषक आला, तोही आपल्याच अंगणात. सुरुवात बरी झाली आणि मग आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड असे ओळीने तीन पराभव. इंग्लंडविरुद्धचा तर इंदूरला हातात आलेला सामना चार धावांनी गेला. लोक जे बोलायचे ते बोलले. पण तीन पराभवांनंतर काय करायचे असते, हे ज्याने मुंबईच्या कर्णधारपदी असताना एकदा करून पाहिले होते, असाच माणूस त्या संघाजवळ होता.

आम्हांला येथे दोन मुलींकडे लक्ष वेधायचे आहे. जेमिमा रॉड्रिग्ज जन्माने भांडुपची, पुढे वांद्र्याची; म्हणजे अस्सल उपनगरवासी. इंदूरच्या त्या सामन्यात तिला वगळले होते. दुसरी शफाली वर्मा, ती तर मूळ संघातच नव्हती. प्रतिका रावल जखमी झाली म्हणून तिला ऐन उपान्त्य सामन्याच्या तोंडावर बोलावून घेतले. ३० ऑक्टोबर, नेरुळचे डी. वाय. पाटील मैदान, समोर ऑस्ट्रेलिया. ऑस्ट्रेलियाने ३३८ धावा ठोकल्या. महिलांच्या एकदिवसीय सामन्यात इतक्या धावांचा पाठलाग तोवर कोणी यशस्वी केला नव्हता. मधल्या वेळात प्रशिक्षकाने फळ्यावर लिहिले ते लांबलचक काही नव्हते : अंतिम फेरीला जायला त्यांच्यापेक्षा फक्त एक धाव जास्त हवी. जेमिमाला तर आपण तिसऱ्या क्रमांकावर जाणार हे मैदानात उतरायच्या जेमतेम पाच मिनिटे आधी कळले. म्हणजे पॅड बांधून वाट बघण्याचा प्रश्नच आला नाही! ती गेली आणि १२७ धावांवर नाबाद परतली. पाच गडी आणि नऊ चेंडू राखून सामना खिशात.

२ नोव्हेंबरच्या अंतिम सामन्यात पावसाने खेळ उशिरा सुरू झाला. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध शफालीने ८७ धावा काढल्या, दोन बळी घेतले, आणि सामन्याची मानकरी ठरली. दीप्ती शर्माने अर्धशतक काढून पाच गडी टिपले. मध्यरात्रीच्या सुमारास हरमनप्रीत कौरने शेवटचा झेल घेतला. भारत ५२ धावांनी विजयी, आणि महिलांचा पहिला विश्वचषक घरात. त्यानंतर हरमनप्रीत प्रशिक्षकाजवळ गेली आणि वाकून तिने त्याच्या पायांना हात लावला. ते छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले. तो मुंबईत घरी परतला तेव्हा त्याच्या इमारतीतल्या लोकांनी दुतर्फा उभे राहून बॅटी उंच धरल्या आणि त्यांच्या कमानीखालून त्याला आत नेले.

यावर दुसऱ्या दिवशी जो तो म्हणू लागला : बघा, देवाने न्याय केला, नाकारलेले सव्याज परत मिळाले. संपादकांनाही आता नाव एकदम पसंत पडले. आम्ही मात्र हट्टी. त्या रात्री अमनजोतच्या हातून झेल सुटला असता, लॉरा वोल्वार्ट आणखी अर्धा तास टिकली असती, तर विश्वचषक दक्षिण आफ्रिकेला गेला असता. मग काय? फरीदाबादच्या २६० धावा कमी झाल्या असत्या? बडोद्याला पाच बाद शून्यावरून उठलेला संघ पुन्हा झोपला असता? करंडकाने त्या ११,१६७ धावांना किंमत आली असे म्हणणे म्हणजे मुलीचे चांगले स्थळ जमल्यावर तिची आई चांगला स्वयंपाक करते असे ठरवण्यासारखे आहे. त्या धावा २०१४ सालीच पुऱ्या झाल्या होत्या. आम्ही हा लेख तेव्हाच लिहायला हवा होता असे कोणी म्हटले तर त्यावर मात्र आमच्याकडे उत्तर नाही, संपादकांकडे असेल.

मुलुंडच्या बाईंना आम्ही एवढेच कळवले, की बॅट विकू नका, तिला किंमत येत नाही. दहावी होऊ द्या आणि मुलालाच विचारा. त्यांचे उलट टपाली उत्तर आले. मुलगा म्हणतो, परीक्षा झाल्यावर बघू; पण धाकटी सध्या त्याचे पॅड घालून गच्चीवर जाते, आणि ती त्याला मोठी होतात, घोट्यापाशी घोळतात.

आमच्या इमारतीच्या फळ्यावर चिटणीसांची एक सूचना बरीच वर्षे लागलेली होती : 'मुलांनी क्रिकेटच्या बॅगा लिफ्टमध्ये आडव्या ठेवू नयेत.' या उन्हाळ्यात ती पुसून पुन्हा लिहिली आहे. मजकूर तोच आहे, फक्त पहिला शब्द 'मुलामुलींनी' असा केला आहे. बॅगा अजूनही आडव्याच असतात.